प्राचीन काळाची कादंबरी आणि आपला वाचक

मराठीत एखादी नवी ऐतिहासिक कादंबरी आली की मुस्लिम वाचक ती एका ठरावीक पद्धतीने हातात घेतो. कादंबरी शिवकालीन किंवा पेशवेकालीन असेल तर तो आधी आपली माणसे शोधतो. खान, सरदार, सुभेदार, बेगम, दासी यांना लेखकाने कसे रंगवले आहे, त्यांच्या तोंडी कोणती भाषा घातली आहे, त्यांच्यात एखादा तरी भला माणूस आहे का, हे तो पाहतो. या सवयीला कारणे आहेत. शंभर-सव्वाशे वर्षे ज्याला गोष्टीत बहुधा खलनायकाची जागा मिळाली, तो वाचक सावधपणे वाचणारच. आपल्या समीक्षकांनी या चित्रणाचा हिशेब वेळोवेळी मांडला आहे आणि तो मांडणे गरजेचेच होते.

पण कादंबरी मगधाची, मौर्यांची किंवा सातवाहनांची असेल तर हाच वाचक ती उघडतसुद्धा नाही. ‘यात आपले कोणी नाही’ एवढे म्हणून तो पुस्तक बाजूला ठेवतो. ग्रंथालयातल्या कपाटातही त्या पुस्तकांची जागा ‘त्यांच्या’ बाजूला असते. आपल्या वार्षिकांत आणि संमेलनांत मध्ययुगावर जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशही प्राचीन काळावर बोलले जात नाही. या समजुतीशी माझा वाद आहे. तो दोन कादंबऱ्यांच्या आधारे मांडावा असे मी ठरवले आहे. एक मराठीतली, हरि नारायण आपटे यांची ‘चंद्रगुप्त’. दुसरी उर्दूतली, कुर्रतुल ऐन हैदर यांची ‘आग का दरिया’. दोन्ही कादंबऱ्या एकाच घटनेपाशी येतात. ती घटना म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात नंदांचे राज्य जाऊन चंद्रगुप्त मौर्याचे राज्य येणे. एकच घटना दोन भाषांनी कशी पाहिली हे तपासले, तर पुढे येणाऱ्या नव्या कादंबरीला काय विचारायचे तेही कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चे नाव घेतात. ती 1871 ची. तिच्यापासूनच मराठी ऐतिहासिक कादंबरी गडकिल्ल्यांवर चढली आणि बराच काळ तिथेच रमली. उर्दूत थोड्याच वर्षांनी तेच घडले. अब्दुल हलीम शरर यांनी 1887 मध्ये लखनौहून ‘दिलगुदाज’ मासिक सुरू केले. वॉल्टर स्कॉटच्या क्रुसेडवरील कादंबरीने अस्वस्थ होऊन त्यांनी ‘मलिकुल अझीज वर्जिना’ लिहिली. पुढे स्पेन, क्रुसेड आणि इस्लामी जगाचे वैभव हाच उर्दू ऐतिहासिक कादंबरीचा मुख्य मुलुख झाला. नसीम हिजाजींनी तो घरोघर नेला. भिवंडी, मुंब्रा, कल्याण, ठाण्याची राबोडी या भागांत उर्दू वाचणाऱ्या ज्या घरांत चार पुस्तके आहेत, तिथे त्यांतले एखादे तरी हिजाजींचे असते, असा माझा अनुभव आहे.

म्हणजे दोन्ही भाषांनी पराभवाच्या काळात आपापल्या वैभवाची आठवण काढली. एकीने सह्याद्रीत आणि दुसरीने अंदलुसमध्ये. माणसाला अशी आठवण लागते, त्यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे ऐतिहासिक कादंबरी वाचणे म्हणजे आपल्या बाजूचा विजय वाचणे, अशी सवय दोन्हीकडच्या वाचकाला लागली. हिजाजींनी प्राचीन काळावरही लिहिले आहे. ‘इन्सान और देवता’मध्ये प्राचीन भारतातला जातीचा जुलूम आहे, तर ‘कैसर व किसरा’मध्ये इस्लामच्या उदयाच्या वेळचे रोम आणि इराण. विषय मोठे आहेत. पण न्याय कुणाच्या बाजूचा हे पहिल्या पानापासून ठरलेले असते. ‘इन्सान और देवता’ वाचताना जातीची चीड येते, पण ज्याच्यावर जुलूम होतो तो माणूस ओळखीचा होत नाही. तो लेखकाच्या मुद्द्याचा साक्षीदार होऊन उभा राहतो. मराठी कादंबरीतल्या खानाबद्दल आपली जी तक्रार आहे ती आपल्या कपाटातल्या पुस्तकालाही लावली पाहिजे. माप एकच असावे.

आता आपट्यांकडे येऊ. ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपूवरची कादंबरी त्यांनी मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून लिहिली. शिवकालावर ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिल्या, विजयनगरच्या अस्तावर ‘वज्राघात’ लिहिली. त्यांच्या एवढ्या लेखनात ‘चंद्रगुप्त’ वेगळी पडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. दर आठवड्याला वाट पाहणाऱ्या वाचकांसाठी ती लिहिलेली आहे आणि ते तिच्या बांधणीत दिसते. प्रकरण संपताना एखादे दार उघडे राहते, एखादे पत्र भलत्याच हाती पडते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाची परंपरा तिच्या मागे आहे. चाणक्याचा अपमान, त्याची प्रतिज्ञा, नंदांचा नाश आणि अमात्य राक्षसाची निष्ठा हे सगळे आपल्या ओळखीचे आहे.

या कादंबरीचे बळ चाणक्यात आहे असे सहसा म्हणतात. मला ते मुरादेवीत वाटते. मुरा ही चंद्रगुप्ताची आई. परंपरेतल्या कथा तिला हीन कुळातली ठरवतात. ‘मुद्राराक्षसा’तला चाणक्य तर खुद्द राजाला ‘वृषल’ म्हणून हाक मारतो. बौद्ध परंपरा त्याच चंद्रगुप्ताला मोरिय क्षत्रियांच्या कुळात घालते, तर जैन परंपरा त्याचे आजोळ मोर पाळणाऱ्यांच्या गावात दाखवते. राजा एकच, पण त्याचे कूळ सांगणारे वेगवेगळे. आपट्यांनी या आईला कथेच्या मध्यावर आणले. तिचा सूड आणि तिची माया यांची ओढाताण जिथे आहे तिथे कादंबरी राजकारणाच्या वर उठते. सामाजिक कादंबरीत ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणाऱ्या लेखकाची बाईकडे पाहण्याची नजर पाटलिपुत्राच्या राजवाड्यातही शाबूत राहिली आहे.

तिची मर्यादाही तिथेच आहे. राजवाडा, मंत्री, हेर आणि आश्रम यांच्या पलीकडे ही कादंबरी फारशी जात नाही. राज्य बदलले हे पाटलिपुत्राच्या कुंभाराला, विणकराला किंवा गंगेवरच्या नावाड्याला कसे कळले आणि त्याच्या ताटातले काय कमी-जास्त झाले, हा प्रश्न तिला पडत नाही. बुद्धिमान माणसाने आखलेला कट यशस्वी झाला, या समाधानात ती संपते. परक्या राज्यात जगणाऱ्या तेव्हाच्या वाचकाला चाणक्याने सत्ता उलथवण्यात वेगळाच आनंद झाला असणार. तो आनंद समजण्यासारखा आहे. पण आज वाचताना सत्ता आली कशी याच्याइतकेच ती आल्यावर सामान्य माणसाचे काय झाले, हेही जाणून घ्यावेसे वाटते.

हाच प्रश्न ‘आग का दरिया’ विचारते. कुर्रतुल ऐन हैदर यांची ही कादंबरी 1959 मध्ये पाकिस्तानात प्रसिद्ध झाली. फाळणीला तेव्हा बाराच वर्षे झाली होती. एक मुस्लिम लेखिका उर्दूत हिंदुस्तानची गोष्ट सांगते आणि ती सुरू करते शरयूकाठच्या गौतम नीलांबर या विद्यार्थ्यापासून. तिथे खूप वाद झाला. पाकिस्तानसाठी इतिहास कुठून सुरू करायचा हा प्रश्न तापलेला असताना या बाईने तो अडीच हजार वर्षे मागे नेला होता. पुढे त्या भारतात परतल्या आणि कित्येक वर्षे मुंबईत राहिल्या. ‘इम्प्रिंट’ आणि ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या संपादनात त्यांनी काम केले. 1989 सालचा ज्ञानपीठ त्यांना मिळाला आणि 1998 मध्ये त्यांनी स्वतःच या कादंबरीला इंग्रजी रूप दिले. आज ती उर्दूतल्या सर्वांत मोठ्या कादंबऱ्यांत गणली जाते. ज्या प्राचीन भागामुळे काही वाचक बिचकले, तो भाग काढला तर ही कादंबरी उभीच राहत नाही.

गौतम नीलांबर ब्राह्मणाचा मुलगा आहे. त्याला चित्रे आणि मूर्ती घडवायच्या आहेत. त्याचा मित्र हरिशंकर राजघराण्यातला, पण भिक्षू झालेला. चंपक नावाच्या मुलीवर गौतमचे मन जडते. मग चंद्रगुप्ताचे सैन्य येते. आपट्यांच्या कादंबरीत ज्याची आपण वाट पाहतो तो विजय इथे संकट होऊन येतो. गौतमला इच्छा नसताना लढावे लागते आणि त्या लढाईत त्याची बोटे जातात. कलावंताची बोटे गेली, यापुढे साम्राज्याबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. तो नाटक मंडळीत नट होतो. चंपक युद्धाच्या लुटीत दुसऱ्याच्या घरी गेलेली आहे. शेवटी गौतम शरयूत उतरतो. आणि त्याच नदीच्या काठावर, शतके ओलांडून, अबुल मन्सूर कमालुद्दीन आपला घोडा घेऊन येतो.

या एका जागेसाठी ही कादंबरी आपल्या प्रत्येक वाचकाने वाचावी असे मला वाटते. कमालुद्दीन परदेशातून आलेला आहे, जौनपूरच्या शर्की दरबारात तो पुस्तकांचे काम करतो. अयोध्येत त्याला चंपावती भेटते, काशीत कबीर भेटतात, पुढे तो बंगालमध्ये शेती करून राहतो आणि तिथल्या मातीचा होतो. त्याचा शेवट शेरशहाच्या सैनिकांच्या हातून होतो, म्हणजे सैन्य इथेही पुन्हा येते आणि या वेळी ते मुसलमानांचे असते. लेखिका कुणाच्याही सैन्याला सवलत देत नाही. कमालुद्दीन ज्या काठावर उतरला तिथे आधीच माणसे होती, त्यांची दुःखे होती आणि ती दुःखे त्याच्या वाट्याला आली, असे ती दाखवते. वारसा रक्तानेच येतो असे नाही. जिथे राहिलो, जिथले दुःख सोसले, तिथला भूतकाळही आपला होतो. उर्दू कादंबरीने हे एवढ्या स्पष्टपणे आधी कधी म्हटले नव्हते.

तरीही या कादंबरीला सरसकट शरण जाण्याचे कारण नाही. तिची माणसे जवळजवळ सगळी वरच्या थरातली आहेत. प्राचीन भागात ब्राह्मण, राजपुत्र आणि मंत्र्यांची मुलगी आहे, आधुनिक भागात शरीफ घराण्यांतली शिकलेली मुले आहेत. नावाडी, विणकर, दासी येतात आणि जातात. कबीर विणकर होते, पण मागावर बसलेला विणकर या कादंबरीत कुठे पूर्ण उभा राहत नाही. भिवंडीतल्या यंत्रमागावर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या त्या वाचकाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही. चंपक नाव बदलून प्रत्येक युगात येते, पण तिच्या वाट्याला मुख्यतः वाट पाहणेच येते. आपट्यांच्या मुरादेवीइतकी कृती तिच्या हातून घडत नाही. आणि प्राचीन भागातली उर्दू संस्कृत शब्दांनी एवढी भरली आहे की उर्दू माध्यमात शिकलेला तरुण तिथे अडखळतो.

हा भाषेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीतही तोच रोग आहे. प्राचीन काळाची कादंबरी म्हटली की पात्रे लगेच तत्सम शब्दांत बोलू लागतात. जणू त्या काळी भाजी विकणारीसुद्धा संस्कृतात भाव सांगत असे. पुराव्यात मात्र तसे दिसत नाही. नाणेघाट, जुन्नर, कार्ले, नाशिक, कान्हेरी इथले सातवाहनकाळातले लेख प्राकृतात आहेत. हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ही महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्यात गावातली माणसे आहेत. म्हणजे आपल्या मुलखातली प्राचीन भाषा बोलीच्या जवळची होती. कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली किंवा आगरी बोली प्राचीन कल्याणच्या बाजाराला शोभणार नाही, असे कुणी ठरवले?

दुसरा शब्द ‘यवन’. शिवकालीन कादंबऱ्यांतून हा शब्द आपल्या अंगावर शिवीसारखा आला आहे. पण कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहिले तर धेनुकाकट गावच्या यवनांनी ते दान दिल्याचे तिथे कोरलेले आहे. जुन्नरलाही यवनांची दाने आहेत. हे यवन ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक होते. व्यापाराला आले, राहिले आणि इथल्या भिक्षूंसाठी खर्च करून गेले. त्या भिंतीवर ‘यवन’ हा शब्द शिवी नाही. दात्याची ती साधी ओळख आहे. पुढच्या शतकांत तो अर्थ कसा बदलला, हा एका कादंबरीचाच विषय आहे. म्हणून प्राचीन काळावरची कुठलीही नवी मराठी कादंबरी आली की तिच्यात ‘यवन’ हा शब्द कसा वापरला आहे ते मी आधी पाहते. त्या एका शब्दावरून लेखकाचा अभ्यास आणि त्याचे मन दोन्ही समजतात.

इयत्ता सहावीला प्राचीन भारताचा इतिहास असतो. त्या पाठांचे टाचण काढताना मगध, वैशाली, पाटलिपुत्र ही नावे फळ्यावर लिहावी लागतात आणि मुलांना ती दूरच्या देशांसारखी वाटतात. ‘टीचर, उस वक्त हमारे यहाँ क्या था?’ असे एका मुलीने विचारले होते. प्रश्न बरोबर आहे आणि कादंबरीकारांनीही तो घ्यावा असा आहे. कारण मराठी कादंबरीत कल्याण म्हटले की 1657 साल आणि सुभेदाराच्या सुनेची कथा एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या कथेत आपली एक बाई आहे आणि तिला एकही वाक्य नाही. कल्याणचा इतिहास जणू तिथेच सुरू होतो.

प्रत्यक्षात इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात ‘कल्लिएना’ आहे. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण सत्ता बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. दोन राजांच्या भांडणात एक गाव कसे बुडते, हे दोन-तीन वाक्यांत आले आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावे कान्हेरी व जुन्नरच्या लेण्यांत दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत. त्यांच्यात राजा कोणी नाही. बंदर अडवले गेले तेव्हा त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल?

दिवा-वसई गाडीने वसईला गेले की सोपारा जवळच आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. आपट्यांनी ज्याला सिंहासनावर बसवले, ज्याच्या सैन्याने हैदरांच्या गौतमची बोटे घेतली, त्याच चंद्रगुप्ताच्या नातवाचे शब्द आपल्या किनाऱ्यावर कोरले गेले होते. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली काढत, आता राजा धर्माच्या यात्रेला निघतो, असा त्या आठव्या लेखाचा आशय आहे. मगध एवढे दूर नव्हते.

थोडे पुढच्या काळात आले तर चिंचणीचे ताम्रपट भेटतात. चिंचणी पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या 926 सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी म्हणून ‘मधुमती’ हे नाव येते. तो ‘ताजिक’ म्हणजे अरब होता आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्याने नदीवर फुकट नावेची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि देवीच्या मठिकेला जमीन मिळवून दिली. संस्कृतात आपले नाव कोरलेले पाहताना त्या मुहम्मदला काय वाटले असेल? मराठीत या माणसावर एखादी मोठी, गाजलेली कादंबरी मला आठवत नाही. आपली माणसे शोधणाऱ्या वाचकाने ती इथेही शोधावीत.

तर प्राचीन काळाची नवी कादंबरी हाती आल्यावर आपल्या वाचकाने काय करावे? तिच्यात मुसलमान नाहीत म्हणून ती ठेवून देऊ नये. उलट आपली बाजू मोजायची गरज नसल्यामुळे आपण तिथे मोकळेपणाने वाचू शकतो. राज्य आले तेव्हा कुणाची बोटे गेली हे लेखकाने पाहिले आहे का, असे तिला विचारावे. बाईला वाक्य दिले आहे का, विणकर-नावाड्याला नाव दिले आहे का, परका माणूस किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला कोणत्या शब्दाने हाक मारली, हेही विचारावे. आपटे या परीक्षेत अर्धे उतरतात, हैदर बऱ्याच उतरतात, हिजाजी फार थोडे. मापात धर्माचा किंवा भाषेचा पक्षपात नसेल तर समोरच्या कादंबरीबद्दलचा आपला शब्दही मराठीत वजनाने ऐकला जाईल.

आणि आपल्या लेखकांना एक सांगणे आहे. मुस्लिम मराठी साहित्याने मोहल्ला लिहिला, दंगल लिहिली, तलाक आणि गरिबी लिहिली. ते लिहिणे चालूच राहावे. त्याबरोबर कल्लिएनाचा बुडालेला बाजार आणि संजाणचा मधुमती यांच्याकडेही कुणीतरी वळावे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा ज्यांच्या घरात आहेत, ज्यांनी आपटे आणि हैदर दोघांनाही मूळ भाषेत वाचले आहे, अशी माणसे या खाडीच्या काठावर आहेत. ती कादंबरी त्यांच्यापैकी कुणी लिहिली तर सहावीच्या त्या मुलीला आपल्याकडे काय होते याचे उत्तर तिच्या दोन्ही भाषांत देता येईल.